कोबेचा वाघ

कोबे हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाला शिकवणारे मात्सुमोतो यांच्यापुढे 1950 साली एक तरुण कारखानदार बुटांचा नवा जोड घेऊन उभा राहिला. मोठ्या खटपटीने केलेला तो जोड मात्सुमोतोंनी हातात घेतला, बघितला आणि बाजूला टाकला. हे बूट आहेत की पेंढ्याच्या चपला, असा त्यांचा सवाल होता. जपानी शेतकरी भाताच्या पेंढ्याच्या वळलेल्या चपला घालत आणि हा नवा बूट दिसायला तेवढाच ओबडधोबड होता. पण मास्तरांनी तरुणाला हाकलून दिले नाही. बास्केटबॉलचा बूट करायचा असेल तर मुले कशी खेळतात ते आधी येऊन बघा, असे त्यांनी सुचवले.

तरुण खरोखरच येऊन बसू लागला. मैदानाच्या कडेला बसायचे, लांब गेलेले चेंडू उचलून द्यायचे आणि मुलांच्या पायांकडे बघत राहायचे. बघता बघता त्याच्या ध्यानात आले की या खेळात पळण्यापेक्षा थांबणे अवघड आहे. भरधाव आलेला मुलगा एकदम थांबतो, गर्रकन वळतो, जागच्या जागी उडी घेतो. त्या क्षणी गुळगुळीत लाकडी जमिनीवर बूट तसूभर सरकला तरी चेंडू हातचा जातो, आणि कधी घोटाही मुरगळतो. मुलांना पळवणारा बूट नको होता, थांबवणारा हवा होता.

त्या तरुणाचे नाव किहाचिरो ओनित्सुका. त्याने काढलेल्या बुटांचे नाव ‘ओनित्सुका टायगर’ आणि पुढे त्याच कंपनीचे नाव झाले ‘असिक्स’. एका क्रीडाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत बुटांच्या कंपनीचा इतिहास कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर या कंपनीच्या चरित्रातच आहे. तिच्या जवळपास प्रत्येक वळणावर एखादा मैदानावरचा गुरू उभा आहे. मालकाच्या अंगी चिकाटी होती, कारागिरांच्या हातात कसब होते, हे खरेच. पण बुटात काय कमी आहे हे सांगितले ते शिट्टी गळ्यात अडकवून उन्हात उभे राहणाऱ्या माणसांनी. जाहिरातींच्या झगमगाटात ही माणसे दिसत नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट सांगायची.

ओनित्सुका यांचा जन्म 1918 सालचा, तोत्तोरी प्रांतातल्या शेतकरी घरातला. जन्माचे आडनाव साकागुची. दुसऱ्या महायुद्धात ते लष्करात अधिकारी होते. त्यांचा एक सहकारी ब्रह्मदेशाच्या आघाडीवर निघाला तेव्हा त्याने त्यांच्याकडे एक शब्द मागून घेतला. कोबेमध्ये ओनित्सुका नावाचे एक वृद्ध, निपुत्रिक दांपत्य होते आणि त्यांचा सांभाळ करायचे त्या मित्राने कबूल केलेले होते. मी परत येईपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेव, एवढेच त्याचे मागणे. मित्र परत आला नाही. युद्ध संपल्यावर साकागुची कोबेला गेले, त्या म्हाताऱ्या जोडप्याला दत्तक गेले आणि ओनित्सुका झाले. जगभर बुटांच्या पेट्यांवर छापले गेलेले हे आडनाव असे मेलेल्या मित्राला दिलेल्या शब्दातून आलेले आहे.

कोबे तेव्हा बॉम्बहल्ल्यांनी भाजून निघालेले शहर होते. काळा बाजार तेजीत होता आणि आईबाप गमावलेली, काम नसलेली पोरे रस्त्यांवर हिंडत होती. ओनित्सुकांनी एका व्यापारी पेढीत नोकरी धरली, पण तिथले व्यवहार पाहून ती सोडली. मुलांसाठी काहीतरी करावे असे मनात होते, काय ते कळत नव्हते. अशा वेळी ते ह्योगो प्रांताच्या शिक्षण खात्यात शारीरिक शिक्षणाचे काम पाहणाऱ्या होरी यांच्याकडे गेले. होरी म्हणाले, मुलांना मैदानावर आणायचे असेल तर त्यांना धड बूट हवेत, तुम्ही बूट करा. सुदृढ शरीरात सुदृढ मन असावे, हे जुव्हेनल या रोमन कवीचे प्रसिद्ध वचनही होरींनीच त्यांच्या कानावर घातले. या कथेतले पहिले गुरू ते हे.

बूट कसा करतात याची ओनित्सुकांना काहीही माहिती नव्हती. पण शहर योग्य होते. डनलॉपने 1909 सालीच कोबेत रबराचा कारखाना काढला होता आणि त्याच्या आधाराने रबर ओतणारे, कापणारे, चिकटवणारे कारागीर शहरात तयार झाले होते. 1949 साली मूठभर माणसांना घेऊन ओनित्सुकांनी आपले दुकान मांडले. आधी काय करायचे, तर सगळ्यांत अवघड ते. सुताराचे गिरमिट जसे एकाच बिंदूवर जोर लावून आरपार जाते, तसे एकच खेळ धरायचा आणि त्यात शेवटपर्यंत शिरायचे, अशी त्यांची व्यवसायनीती होती. बास्केटबॉलचा बूट करणे सर्वांत कठीण आहे असे जाणकारांनी सांगितले, म्हणून त्यांनी तोच निवडला. भांडवल नसलेल्या माणसाने सर्वांत कठीण काम आधी घ्यायचे, हे धाडस आजही थक्क करते.

आता मात्सुमोतोंच्या मैदानाकडे परत येऊ. थांबवणारा बूट हवा हे कळले, पण रबराच्या तळाला तशी पकड आणायची कशी? उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी ओनित्सुकांच्या घरी जेवणात काकडी आणि ऑक्टोपस घातलेली शिरक्यातली कोशिंबीर होती. ऑक्टोपसच्या सोंडेचा एक तुकडा वाडग्याच्या आतल्या बाजूला घट्ट चिकटून बसला होता. त्यांनी तो निरखला. सोंडेवर वाटीसारखे बारीक बारीक खळगे असतात. ते दाबले की आतली हवा निघून जाते आणि खळगा पृष्ठभागाला ओढून धरतो. बुटाच्या तळाला असेच खळगे पाडले तर?

त्यांनी पाडले. मुलांनी बूट घातले, पळाली आणि थांबताना तोंडावर आपटली. पकड इतकी जबर होती की बूट जागेवर राहायचा आणि अंग पुढे जायचे. मग खळगे उथळ केले, पुन्हा घालून पाहिले, पुन्हा बदलले. पाय थांबेल पण अडकणार नाही, अशी खोली सापडेपर्यंत हे चालले. 1951 साली तो बूट बाजारात आला. कोशिंबिरीचा किस्सा सगळीकडे मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. त्याहून महत्त्वाची आहे ती नंतरची आपटाआपटी. कल्पना जेवणाच्या मेजावर सुचली असेल, बूट मात्र मैदानावरच झाला, त्या मुलांच्या खरचटलेल्या गुडघ्यांच्या मोबदल्यात.

बूट झाला तरी विकणार कोण? दुकानदार नव्या नावाला हात लावेनात. तेव्हा ओनित्सुका बुटांचे गठ्ठे घेऊन गावोगावच्या शालेय स्पर्धांना जाऊ लागले. रात्रीच्या रेल्वेने प्रवास करायचा, पैसे वाचवायला स्टेशनच्या बाकावर झोपायचे, सकाळी मैदानावर हजर. संघांच्या शिक्षकांना बूट दाखवायचे, घालून बघा म्हणायचे, तक्रारी लिहून घ्यायच्या. त्याच काळात क्षयाने त्यांना गाठले. अंथरुणावर पडूनही धंदा त्यांनी सोडला नाही. आशियातला सर्वांत ताकदवान प्राणी म्हणून वाघाचे नाव बुटाला दिलेले होते. नुसते ‘टायगर’ हे नाव आधीच दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने पुढे आडनाव जोडावे लागले.

यानंतर त्यांनी हात घातला तो मॅरेथॉनला. इथला प्रश्न निराळा होता. 42 किलोमीटर पळल्यावर धावपटूंच्या तळव्यांना फोड यायचे आणि फोड येणारच, असे सगळे धरून चालत. जपानी धावपटू पूर्वी अंगठ्यापाशी फाटा असलेल्या ‘ताबी’ या पारंपरिक कापडी जोड्यांत पळत. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शिझो कानाकुरी ताबीतच धावले होते आणि ओनित्सुकांचा 1953 सालचा पहिला मॅरेथॉन बूटही ताबीच्याच घाटाचा होता. फोड का येतात, हे विचारायला ओनित्सुका एका वैद्यकीय प्राध्यापकांकडे गेले. प्राध्यापकांनी समजावले की हे एक प्रकारचे भाजणेच आहे. पाय हजारो वेळा जमिनीवर आदळतो, घर्षणाने बुटात उष्णता साठते आणि कातडीखाली पाणी धरते. म्हणजे पायाला गार ठेवायचे.

गाडीचे इंजिन पाण्याने गार करतात, म्हणून आधी बुटात पाणी घालून पाहिले. पावले भिजून सुजली. मोटारसायकलचे इंजिन मात्र वाऱ्यावर गार होते. मग बुटाला पुढच्या बाजूला आणि कडांना भोके पाडली, वरचे कापड विरळ विणीचे घेतले. पाऊल टेकले की आतली गरम हवा बाहेर ढकलली जाते, पाऊल उचलले की बाहेरची गार हवा आत येते. धावणाऱ्याचे पाऊलच भात्याचे काम करते. ‘मॅजिक रनर’ या नावाने 1960 च्या सुमारास हा बूट आला. आज धावण्याच्या कोणत्याही बुटाचा वरचा भाग उजेडासमोर धरला तर जाळीतून पलीकडचे दिसते. बुटाला श्वास घेता आला पाहिजे, हा विचार तेव्हा नवा होता.

नेमक्या त्याच सुमारास अनवाणी पायांनी जग जिंकले. 1960 च्या सप्टेंबरात रोममध्ये इथियोपियाचा आबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. बूट करणाऱ्याच्या दृष्टीने याहून मोठे आव्हान कोणते असणार? 1961 साली बिकिला ओसाकाच्या माइनिची मॅरेथॉनसाठी जपानला आला तेव्हा ओनित्सुका त्याला भेटायला त्याच्या हॉटेलवर गेले. बिकिलाला बुटांची गरज वाटत नव्हती. ओनित्सुकांनी त्याच्याशी वाद घातला नाही. जपानच्या रस्त्यांवर काचांचे तुकडे पडलेले असतात, तळवा कापला तर स्पर्धा जाईल, तेवढ्यापुरता हा हलका बूट घालून बघ, असे सांगून त्याच्या पायाचे माप घेतले. बिकिला बूट घालून धावला आणि जिंकला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याने दुसऱ्यांदा सुवर्ण मिळवले तेव्हा त्याच्या पायात बूट होते, पण ते जर्मनीच्या प्यूमाचे. खेळाडू कोणाच्या मालकीचा नसतो, हे बूटवाल्यांना तेव्हापासून कळायला लागले.

टायगरच्या दोन्ही बाजूंना एकमेकांना छेदणाऱ्या ज्या वळणदार पट्ट्या दिसतात, त्या 1966 साली आल्या, मेक्सिको ऑलिंपिकची तयारी चालू असताना. ‘मेक्सिको 66’ हे नाव त्यातूनच आले. आज तरुण मुले जीन्सवर हौसेने घालतात तो हाच घाट, मुळात मैदानासाठी केलेला.

आता या कथेतला सर्वांत चटका लावणारा भाग. 1962 च्या शेवटी अमेरिकेतल्या ओरेगनचा 24 वर्षांचा एक मुलगा कोबेला ओनित्सुकांच्या कचेरीत आला. नाव फिल नाइट. स्टॅनफर्डला व्यवस्थापन शिकताना त्याने एक निबंध लिहिला होता: जपानी कॅमेऱ्यांनी जर्मन कॅमेऱ्यांची बाजारपेठ घेतली, तसेच जपानी धावण्याचे बूट जर्मन बुटांच्या बाबतीत का करू शकणार नाहीत? अमेरिकेतल्या धावपट्ट्यांवर तेव्हा आदिदासचे राज्य होते. तुम्ही कोणत्या कंपनीकडून आलात, असे विचारल्यावर त्याने ब्लू रिबन स्पोर्ट्स हे नाव तिथल्या तिथे ठोकून दिले. कंपनी अस्तित्वातच नव्हती. नमुने मिळायला वर्षाहून जास्त काळ गेला. ते आल्यावर नाइटने दोन जोड आपल्या जुन्या प्रशिक्षकांना पाठवले.

ते प्रशिक्षक म्हणजे ओरेगन विद्यापीठाचे बिल बॉवरमन, या कथेतले तिसरे गुरू. बॉवरमन यांना बुटांचे वेड होते. आपल्या धावपटूंचे बूट ते रात्री फाडायचे, शिवायचे, पुन्हा जोडायचे. बुटातून तोळाभर वजन काढले तर शर्यतीत धावपटूने किती ओझे कमी उचलले, याचा हिशेब ते करत. टायगर बघून त्यांनी नाइटला सांगितले की मीही यात भागीदार होतो. 1964 साली दोघांनी प्रत्येकी 500 डॉलर घातले आणि 300 जोडांची पहिली मागणी कोबेला गेली. नाइट शर्यतींच्या मैदानाबाहेर आपल्या मोटारीच्या डिकीतून बूट विकायचा. स्टेशनच्या बाकावर झोपून शालेय स्पर्धांना बूट नेणारे ओनित्सुका आणि डिकीतून बूट विकणारा नाइट, दोघांचा विकण्याचा धडा एकच होता: बूट घालणारा जिथे आहे तिथे जायचे.

बॉवरमन नुसते विकून थांबले नाहीत. अमेरिकन धावपटू जपान्यांपेक्षा उंच आणि जड, त्यांच्या टाचेवर पडणारा भार जास्त. त्यांनी टायगरच्याच दोन बुटांतल्या चांगल्या गोष्टी एकत्र केल्या, टाचेपासून चवड्यापर्यंत सलग मऊ स्पंजाचा थर घातला आणि आराखडा कोबेला पाठवला. ओनित्सुकांच्या कारागिरांनी तो बनवून दिला. आधी त्याचे नाव ॲझटेक ठरले. आदिदासच्या एका बुटाचे नाव ॲझटेका गोल्ड असल्याने तक्रार आली. मग ॲझटेकांना ज्याने जिंकले त्या स्पॅनिश सरदाराचे नाव दिले गेले: कोर्तेझ. टायगर कोर्तेझ अमेरिकेत तुफान खपला. तो काळ अमेरिकेत साध्या माणसांनी सकाळी रस्त्यावर पळायला सुरुवात करण्याचा होता, आणि त्याला कारणही बॉवरमनच. 1967 साली त्यांनी जॉगिंगवर लिहिलेल्या पुस्तकाने नोकरदार, गृहिणी, आजोबा सगळे पळायला लागले होते.

बूट खपू लागला तसा संशयही वाढला. नाइटच्या म्हणण्याप्रमाणे माल वेळेवर येत नव्हता. कोबेच्या कचेरीला वाटत होते की हा एक छोटा विक्रेता एवढी मोठी बाजारपेठ सांभाळू शकणार नाही. 1971 साली ओनित्सुकांचा निर्यात अधिकारी अमेरिकेत येऊन दुसरे विक्रेते शोधू लागला. त्याच्या बॅगेतली फाइल आपण काढून वाचली, हे नाइटने आत्मचरित्रात स्वतःच लिहिले आहे. दुसरीकडे नाइटनेही गुपचूप दुसऱ्या कारखान्यांतून आपल्या नावाचे बूट करवून घ्यायला सुरुवात केली होती. त्या बुटांचे नाव ‘नाइकी’. त्यावरची खूण कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने 35 डॉलरमध्ये काढून दिलेली. भांडण न्यायालयात गेले. 1974 साली ओरेगनच्या न्यायाधीशांनी निकाल दिला: बूट दोघांनी विकावा, पण कोर्तेझ हे नाव नाइटच्या कंपनीकडे राहावे. ओनित्सुकांचा तोच बूट पुढे ‘कॉर्सेअर’ नावाने विकला गेला. आजही दोन कंपन्यांच्या दुकानांत हे दोन बूट मिळतात आणि शेजारी ठेवले तर भावंडे वाटतात.

या भांडणात कोणी धुतल्या तांदळासारखे नव्हते. पण कोबेच्या बाजूने झालेली चूक जास्त महागात पडली आणि ती पैशांच्या हिशेबातली चूक नव्हती. अमेरिकन पाय कसा पळतो हे त्यांना सांगणारा एकच माणूस होता, बॉवरमन. विक्रेता बदलता येतो असे कचेरीला वाटले. विक्रेत्याबरोबर आपण आपला गुरूही घालवतो आहोत, हे तिच्या लक्षात आले नाही. मात्सुमोतोंच्या मैदानाच्या कडेला बसून मोठ्या झालेल्या कंपनीकडून असे व्हावे, याचे वाईट वाटते.

तरीही टायगर मैदानातून हटला नाही. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये फिनलंडचा लासे विरेन 10,000 मीटर जिंकला आणि पायातले टायगर काढून दोन्ही हातांत उंच धरून त्याने मैदानाला फेरी मारली. ही जाहिरात आहे म्हणून मोठा गदारोळ झाला. पायाला फोड आला होता म्हणून बूट काढले, असे विरेनचे स्पष्टीकरण. फोड न येणारा बूट करण्यासाठी ज्यांनी रात्री जागवल्या त्यांना हे स्पष्टीकरण ऐकून काय वाटले असेल!

1977 साली ओनित्सुकांची कंपनी, खेळाचे कपडे आणि जाळी करणारी जीटीओ आणि विणलेले कपडे करणारी जेलेंक, अशा तिन्ही एकत्र आल्या. नव्या कंपनीला नाव दिले ते होरींकडून ऐकलेल्या लॅटिन वचनाच्या किंचित बदललेल्या रूपाच्या आद्याक्षरांचे: असिक्स. वाघाचे नाव बुटांवरून गेले, पट्ट्या राहिल्या. 1986 साली टाचेखाली जेलची गादी आली. 1993 साली आलेल्या जेल-कायानो या बुटाला तो घडवणाऱ्या तोशिकाझु कायानो यांचेच नाव दिले गेले. कायानोंनी बुटाचा आकार एका शिंगाड्या भुंग्यावरून घेतला होता. डिझायनरचे नाव तीस वर्षांहून अधिक काळ बुटावर वागवणाऱ्या कंपन्या फार नाहीत. ही कृतज्ञता दाद देण्यासारखी आहे. आपल्याकडच्या तालमींतही हे नाव ओळखीचे आहे. तांबड्या मातीत मल्ल अनवाणी उतरतो, पण मॅटवरच्या कुस्तीला बूट लागतात आणि मॅटच्या बुटांत असिक्सचे नाव जुने आहे. मुंबई मॅरेथॉनशीही क्रीडासाहित्याची भागीदार म्हणून ही कंपनी जोडली गेली.

17 जानेवारी 1995 च्या पहाटे कोबेला भूकंपाने हादरवले. 6,400 हून अधिक माणसे गेली. नागाता या भागात घराघरांतून बुटांचे काम चालायचे: एका घरात कापणी, दुसऱ्यात शिलाई, तिसऱ्यात तळ चिकटवणे. लाकडी घरे आणि चिकटवण्याची ज्वालाग्राही रसायने, त्यामुळे आगींनी तो भाग जळून गेला. युद्धानंतर राखेतून उभ्या राहिलेल्या शहराला ते सगळे पुन्हा करावे लागले. असिक्सने आपले मुख्यालय कोबेतच ठेवले.

2002 साली ओनित्सुका टायगर हे नाव फॅशनचा बूट म्हणून परत आले. पुढच्याच वर्षी ‘किल बिल’ या चित्रपटात उमा थर्मनच्या पायात काळ्या पट्ट्यांचे पिवळे टायगर दिसले आणि ज्यांनी आयुष्यात शर्यत पाहिली नव्हती त्यांनाही ते हवेहवेसे झाले. किहाचिरो ओनित्सुका 2007 साली 89 व्या वर्षी गेले.

त्यांच्या पश्चात कंपनीला सर्वांत मोठा धक्का बसला तो घरच्याच मैदानावर. दरवर्षी 2 आणि 3 जानेवारीला टोकियोपासून हाकोनेच्या डोंगरापर्यंत आणि परत, अशी विद्यापीठांची रिले शर्यत होते. 21 संघ, प्रत्येकी 10 धावपटू, सुमारे 217 किलोमीटर. सारा जपान दूरचित्रवाणीसमोर बसून ती पाहतो. 2017 मध्ये तिथल्या साधारण तिघांतल्या एका धावपटूच्या पायात असिक्स होते. मग नाइकीने जाड स्पंजात कार्बनची पट्टी घातलेला बूट आणला. वेळा धडाधड कमी होऊ लागल्या. 2021 च्या शर्यतीत 210 पैकी 201 धावपटूंनी नाइकी घातले होते. असिक्स एकानेही नाही.

कोबेत याची चाहूल आधीच लागली होती. नोव्हेंबर 2019 मध्ये थेट अध्यक्षांच्या हाताखाली एक छोटा गट नेमला गेला. त्याला ‘सी’ प्रकल्प म्हणत. ‘सी’ म्हणजे चोजो, शिखर. सर्वांत वरच्या खेळाडूपासून सुरुवात करा, हे ओनित्सुकांचे जुने सांगणे पुन्हा बाहेर काढले गेले. गटातली माणसे धावपटूंकडे गेली आणि त्यांनी पाय बघितले. काहींचा वेग वाढतो तो ढांग लांबवून, काहींचा पावले भरभर टाकून. दोघांना एकच बूट कसा चालेल? 2021 मध्ये मेटास्पीड नावाचे दोन बूट आले, एक लांब ढांगा टाकणाऱ्या धावपटूसाठी, दुसरा भरभर पावलांच्या धावपटूसाठी. 2022 च्या हाकोने शर्यतीत 24 धावपटू पुन्हा असिक्स घालून उतरले. तिघांतल्या एकाच्या मानाने हा आकडा लहानच, पण एका वर्षात शून्यावरून तिथे येण्याला मोल आहे.

आता थोडे आपल्याकडे. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यातून आलेली कविता राऊत सुरुवातीला अनवाणी पळायची आणि 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटरचे कांस्यपदक जिंकले. तिच्यासारखी मुले आजही डांबरावर, मुरमावर, शेताच्या बांधावर पळतात. आपला देश पादत्राणांच्या उत्पादनात जगात दुसऱ्या क्रमांकावर आहे. चामडे कापणारे, तळ शिवणारे कारागीर महाराष्ट्रातच कोल्हापूरपासून धारावीपर्यंत आहेत. इतके असूनही या मुलांच्या पायांसाठी, आपल्या जमिनीसाठी, त्यांच्या पालकांना परवडेल असा धावण्याचा बूट आपण अजून केलेला नाही. कौशल्य कमी पडते म्हणून हे झालेले नाही. मैदान आणि कारखाना यांची गाठ पडत नाही, म्हणून झालेले नाही.

म्हणून समोर बसलेल्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. उद्या सरावाला आलेल्या मुलांचे जुने बूट उलटे करून बघा. कोणाची टाच बाहेरून झिजली आहे, कोणाच्या अंगठ्याखाली भोक पडले आहे, कोणाला कुठे फोड आला आहे, ते मुलाच्या वयासह, वजनासह वहीत लिहून ठेवा. आणि बूट करणारे जे कोणी या सभागृहात असतील त्यांनी ती वही मागून घ्यावी, आणि एक महिना त्या शिक्षकांच्या मैदानावर येऊन बसावे.